डाव्या कोपऱ्यातला खर्ज

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही दुपारची आहे.

आणि ही रचलेली नाही. माझे वडील, आई, मोठा भाऊ आणि मी, आम्ही चौघांनी एका खोलीत बसून हे ऐकलंय. त्यातले दोघं आज नाहीत. भाऊ हा विषय निघाला की उठून जातो. राहिले मी. कुणाला खोटं वाटलं तर खुशाल खोटं म्हणा. खोटं असतं तर मलाही बरं झालं असतं.

जानेवारी १९९६. भाईंदर पूर्व, नवघर रोडच्या मागची एक नवी बिल्डिंग. तिसरा मजला.

अण्णा, म्हणजे माझे वडील कोंडिराम, पोस्टातून रिटायर झाले आणि आम्ही वरळीची खोली सोडून इथे आलो. बिल्डिंगच्या मागे तेव्हा मिठागरं होती. आमच्या हॉलची डावीकडची भिंत त्याच बाजूला. त्या भिंतीपलीकडे दुसरं घर नव्हतं, गॅलरी नव्हती, पाइपसुद्धा नव्हता.

नुसती हवा. आणि खाली मिठाचं पाणी.

हे लक्षात ठेवा, कारण पुढे तेच तपासायची वेळ आली.

आम्ही बौद्ध, मूळचे जालन्याकडचे. आमच्या घरात अंगारे, उतारे, लिंबू-मिरच्या असलं काही कधीच चाललं नाही. अण्णा म्हणायचे, "भूत म्हणजे अर्धी झोप आणि पूर्ण भीती." आईला गावाकडच्या गोष्टी माहीत होत्या, पण ती अण्णांसमोर त्या काढायची नाही.

अण्णा गायचे. पोस्टाची नोकरी सांभाळून त्यांची गायन पार्टी होती. जयंतीच्या दिवसांत ते घरी फक्त कपडे बदलायला यायचे. त्यांचा आवाज जाड, खोल. खर्जात, म्हणजे अगदी खालच्या सुरात उतरले की समोर बसलेल्या माणसाच्या छातीत घुमायचं. रोज सकाळी ते हॉलमध्ये वंदना म्हणायचे, तेव्हा शेजारच्या उर्मिलाबेन आईला म्हणायच्या, "तुळसाबेन, घड्याळ नको मला. कोंडिरामभाईचा आवाज आला के मी गॅस पेटवते."

त्या जानेवारीत माझा भाऊ जीवन याने कॅसेट डेक आणला. अॅम्प्लिफायर वेगळा आणि लाकडी खोक्यातले दोन मोठे स्पीकर. त्याला इलेक्ट्रॉनिक्सचा नाद होता. अंधेरीच्या कंपनीतून आला की सोल्डरिंग घेऊन बसायचा. हॉलमध्ये एक स्पीकर उजव्या कोपऱ्यात ठेवला, एक डाव्या.

रविवारची दुपार होती. पहिली कॅसेट अर्थातच अण्णांच्या पार्टीची. कुणीतरी कार्यक्रमात रेकॉर्ड केलेली.

दादाने प्ले दाबलं.

उजवीकडून ढोलकी अशी घुमली की काचेचे ग्लास वाजले. अण्णा हसले.

पण डावीकडून...

डावीकडून नुसती टिकटिक. ढोलकीची शाईकडची बारीक थाप वाजत होती, पण घुमारा नव्हता. अण्णांचा आवाज होता, पण फोनवर बोलल्यासारखा. बारीक. वरचा वर.

"लेफ्टला बेस नाहीये," दादा म्हणाला. "लूज कनेक्शन असेल."

बॅलन्सचं बटण फिरवून बघितलं. काही नाही. मग त्याने अॅम्प्लिफायरच्या मागच्या वायरींची अदलाबदल केली. डावीची उजवीला, उजवीची डावीला. अॅम्प्लिफायर खराब असेल तर आता उजवा स्पीकर बारीक वाजायला हवा होता.

डावाच बारीक वाजत राहिला.

"मग स्पीकरच गेलाय," मी म्हटलं.

त्याने दोन्ही स्पीकर उचलून जागा बदलल्या. आता डावीकडे तो होता, जो मघाशी उजवीकडे घुमत होता.

प्ले दाबलं.

उजवीकडे घुमलं. डावीकडे... टिकटिक.

दादा मांडी घालून बसला. प्लस-मायनस उलटं लागलं की एका स्पीकरचा पडदा बाहेर येतो आणि दुसऱ्याचा आत जातो, मग दोघं एकमेकांचा बेस खातात, असं त्याने मला सांगितलं. पेन्सिल सेल लावून दोन्ही पडदे तपासले. दोन्ही बरोबर एकाच वेळी बाहेर आले. वायर नवी टाकली. खालून लाकडी पाट दिला. काही फरक नाही.

मग त्याने डावा स्पीकर कोपऱ्यातून ओढून हॉलच्या मध्यभागी आणला.

धुम्म...

पुरा बेस.

परत कोपऱ्यात सरकवला. बेस गेला. जसं कुणी तोंडावर उशी दाबावी.

"कोपऱ्यात बेस वाढतो," दादा हळूच म्हणाला. "कुठल्याही कोपऱ्यात वाढतोच. कमी कसा होईल?"

तो स्वतः उठून त्या कोपऱ्यात उभा राहिला. आमच्याकडे तोंड करून म्हणाला, "रश्मी, माझा आवाज कसा येतोय?"

मला हसू आलं. बारक्या पोरासारखा येत होता.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. ती हसली नाही.

"जीवन, बाहेर ये तिथून," ती म्हणाली.

त्याने भिंतीवर मूठ मारली. विटांच्या भिंतीवर मूठ मारली की आवाज येतो ना, धप्प. तसा आला नाही. फक्त कातडी लागल्याचा आवाज. टक्.

दादाला हा प्रकार आवडला. खरं सांगते, पहिले काही दिवस आम्हा सगळ्यांनाच गंमत वाटली. त्याचा ऑफिसमधला मित्र चंदन मुद्दाम बघायला आला. भिंतीत पोकळी असेल म्हणाला. बाहेरून बघून आला आणि चहा न पिता गेला.

मी उर्मिलाबेनना विचारलं, आमच्या फ्लॅटमध्ये आधी कुणी होतं का.

"कोण असणार? बिल्डिंग नवी छे. तुमीच पहेला."

"आणि बिल्डिंगच्या आधी?"

"मिठागर."

"त्याच्या आधी?"

त्यांनी खांदे उडवले. "खाडी. बीजू शूं? दुसरं काय?"

म्हणजे कुणी मेलं नव्हतं. कुणी फास घेतला नव्हता. विहीर नव्हती, झाड नव्हतं. मी पुढे कित्येक वर्षं हे शोधलं. काहीच नव्हतं तिथे.

दादाने स्पीकर तिथून काढला नाही. तो तिथेच ठेवून उपाय शोधायचा, असा त्याचा हट्ट.

आणि अण्णांनी सकाळची वंदना त्या कोपऱ्यात बसून म्हणायला सुरुवात केली. डेकच्या टेबलामुळे त्यांची नेहमीची जागा गेली होती. आई म्हणाली तिथे नका बसू. अण्णा म्हणाले, "का? मला कोण खातंय?"

एका सकाळी उर्मिलाबेननी बेल वाजवली.

"कोंडिरामभाई गावी गेले काय? आवाज नाय आला."

अण्णा आतच होते. वंदना नुकतीच संपली होती. ते दारात आले आणि म्हणाले, "इथंच हाय की."

मी कॉलेजची बॅग भरत होते. माझा हात थांबला.

अण्णा कोपऱ्यात नव्हते. दारात होते.

तरी आवाज बारीक होता.

आईने पण ऐकलं. आम्ही एकमेकींकडे बघितलं. सर्दी असेल. हवेत मीठ आहे. असंच काहीतरी मनाशी म्हटलं असेल मी.

त्याच आठवड्यात ते झालं.

दुपारची वेळ. दादा ऑफिसला, आई उर्मिलाबेनकडे, अण्णा भाजी आणायला केबिन रोडला. मी हॉलमध्ये अभ्यास करत होते. पंखा चालू होता. डेक बंद होता.

आणि मागून अण्णा खाकरले.

गाण्याआधी ते खाकरायचे, तसेच. खोल, जाड. माझ्या बरगड्यांना जाणवलं.

"आलात पण?" मी मान न वळवता विचारलं.



मी वळले...

हॉलमध्ये कुणीच नव्हतं. दाराला आतून कडी होती.

मी उठून गॅलरीत गेले. खाली रस्त्यावर अण्णा पिशवी घेऊन येत होते. लांबून. त्यांनी मला बघून हात केला.

मागे कोपऱ्यात कुणीतरी परत खाकरलं.

मी गॅलरीतून आत गेले नाही. अण्णांनी बेल वाजवली तेव्हा डोळे खाली ठेवून धावत गेले आणि दार उघडलं.

"काय गं?" अण्णा म्हणाले. त्या बारीक आवाजात. "एवढी घामाघूम?"

मी संध्याकाळी फक्त दादाला सांगितलं. तो हसला नाही. तो मला कोपऱ्याकडे घेऊन गेला आणि म्हणाला, "मी दोन दिवस झाले बघतोय. आईला सांगू नकोस."

त्याने स्पीकरची पुढची जाळी काढलेली होती. वायरीही काढल्या होत्या. दोन उघडी टोकं जमिनीवर पडलेली. स्पीकर कशालाच जोडलेला नव्हता.

आणि त्याचा काळा पडदा हलत होता.

हळूहळू बाहेर... हळूहळू आत...

आवाज अजिबात नाही. नुसतं हलणं. झोपलेल्या माणसाचं पोट हलतं तसं.

दादाने कागदाचा कपटा त्यावर टाकला. कपटा थरथरत खाली घसरला.

"वाऱ्याने?" मी विचारलं.

त्याने पंखा बंद केला. खिडकी लावली. पडदा हलतच होता. मध्येच थांबायचा. परत सुरू व्हायचा. एका तालात नाही. तुटक तुटक.

"स्पीकर उलटा जोडला की माईक होतो," दादा म्हणाला. "समोर आवाज झाला की पडदा हलतो. म्हणजे इथे आवाज आहे, रश्मी. आपल्याला येत नाही एवढंच."

"कसला आवाज?"

"तेच बघायचंय."

शनिवारी अण्णांना मीरा रोडच्या घशाच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं. आम्ही चौघंही निघालो. निघायच्या आधी दादाने डाव्या स्पीकरची वायर डेकच्या माईकच्या भोकात खुपसली, कोरी कॅसेट घातली आणि रेकॉर्ड दाबलं. मग बाहेरून कुलूप लावलं. घरात कुणी नव्हतं. कुणीच नव्हतं.

डॉक्टरांनी घशात आरसा घालून बघितलं. सूज नाही, गाठ नाही. "काका, गळा एकदम छान आहे. जरा मोठ्याने बोला बरं."

अण्णा बोलले. डॉक्टरांनी आरसा खाली ठेवला. "नेहमी असाच आवाज आहे का?" त्यांनी आईला विचारलं.

आई म्हणाली, "नाही हो. ह्यांचा आवाज डोंगरासारखा होता."

होता, म्हणाली. मला ते तेव्हाच टोचलं.

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. कॅसेट संपून डेक आपोआप थांबलेला होता. आईने दिवा लावला, चहा ठेवायला निघाली. दादाने वायर काढून टाकली, कॅसेट मागे घेतली आणि उजवा स्पीकर चालू केला. मी त्याला डोळ्यांनी नको म्हटलं. पण अण्णा म्हणाले, "लाव. मलाबी ऐकू दे काय उद्योग चाललाय."

आधी नुसती घरघर. बराच वेळ.

मग कुणीतरी खाकरलं.

अण्णा खुर्चीत ताठ झाले. स्वतःचं खाकरणं माणूस ओळखतोच.

आणि मग अण्णांचा आवाज आला. त्यांचा जुना आवाज. जाड, खोल, टेबलावरच्या ग्लासांना हलवणारा. गाणं नाही. बोलणं.

"हो."

मग शांतता.

"कोंडिराम."

शांतता.

"जालन्याकडचे."

दादा अण्णांकडे बघत होता. अण्णा स्पीकरकडे.

"चौघं."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात चहाचं आधण तसंच. ती अगदी हळू म्हणाली,

"कोण विचारतंय त्यांना?"

तोपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ही उत्तरं होती. मधल्या शांततेत कुणीतरी प्रश्न विचारत होतं. ते कॅसेटवर उतरलं नव्हतं.

"नाही. आत्ता घरात कुणी नाही."

शांतता.

"येतील. संध्याकाळपर्यंत."

"दादा, बंद कर," मी म्हटलं. त्याचा हात बटणावर होता, पण दाबत नव्हता.

"आहे. एक मुलगी आहे."

शांतता. लांब.

"रश्मी."

वडिलांच्या आवाजात आपलं नाव हजार वेळा ऐकलेलं असतं. पण हे तसं नव्हतं. कुणाला तरी माझी ओळख करून दिली होती.

"नको. तिला नको."

शांतता.

"लहान आहे अजून."

शांतता. घरघर जरा वाढली. जशी खोलीत कुणी जवळ सरकावं.

"मग?"

यानंतरची शांतता सगळ्यात लांब होती. मला अजून आठवतं, आईच्या हातातल्या भांड्यातून चहा सांडत होता आणि तिला कळत नव्हतं.

मग अण्णांचा आवाज म्हणाला...

"बरं."

एवढंच. आणि खट्. कॅसेट संपली.

अण्णांनी तोंड उघडलं. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. ओठ हलले, मानेच्या शिरा ताणल्या.

आवाज आला नाही.

बारीकसुद्धा नाही. फक्त हवा.

आईने भांडं खाली ठेवलं, डेकमधून कॅसेट काढली आणि त्यातली पट्टी बोटांनी ओढून ओढून बाहेर काढली. दादाने तिला अडवलं नाही. ती रात्र आम्ही उर्मिलाबेनच्या हॉलमध्ये काढली. त्यांनी गाद्या घातल्या. सकाळी आई त्यांच्याबरोबर जाऊन तो गुंता खाडीत टाकून आली.

उर्मिलाबेन एका बाबाचं नाव सुचवत होत्या. अण्णांनी मान हलवली. नाही. आवाज गेला तरी त्यांचं ते "नाही" मोठंच होतं.

महिन्याभरात आम्ही मीरा रोडला भाड्याच्या घरात गेलो. स्पीकर, डेक, सगळं तिथेच राहिलं. फ्लॅट दादाने पुढे विकला. घेणाऱ्याला काय सांगितलं, मी विचारलं नाही.

अण्णांचा आवाज परत आला नाही. कितीतरी डॉक्टर झाले. सगळे म्हणाले गळा ठीक आहे. पुढे ते कुजबुजून बोलायला शिकले. कान त्यांच्या तोंडाजवळ नेला की कळायचं. जयंतीला मंडळाची पोरं बोलवायला यायची, ते जायचे, पुढच्या रांगेत बसून मांडीवर ताल धरायचे.

त्या संध्याकाळबद्दल घरात कुणी बोलत नसे. पण आम्हा सगळ्यांच्या मनात एकच होतं. अण्णांनी माझ्याऐवजी आपला आवाज दिला. कुणाला दिला, कसा दिला, ते माहीत नाही. पण दिला. माझं लग्न झालं, मुलं झाली. अण्णांच्या पाया पडताना दर वेळी मला तेच आठवायचं. कुणीतरी मला मागितलं होतं आणि माझ्या बापाने मध्ये हात घातला होता.

याच्या भरवशावर मी इतकी वर्षं शांत झोपले.

अण्णा गेले त्याच्या आदल्या दुपारी मी दवाखान्यात त्यांच्याजवळ एकटी होते. ते जागे होते, डोळे स्वच्छ. मी त्यांचा हात धरला आणि पहिल्यांदाच बोलले.

"अण्णा, तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते मला माहीत आहे. त्या टेपवर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग बोटाने खूण केली, जवळ ये.

मी कान त्यांच्या ओठांजवळ नेला.

"तो मी नव्हतो, रश्मी."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"मी असतो," ते कुजबुजले, मध्ये थांबून, दम घेऊन, "तर तुझं नाव सांगितलंच नसतं."

त्यानंतर ते काही बोलले नाहीत.

तेव्हापासून मी त्या शांतता मोजत बसते. "मग?" आणि "बरं" यांच्या मधली ती शांतता. ते अण्णा नव्हते, तर माझ्या वतीने कोण बोलत होतं? "लहान आहे अजून" असं कोण म्हणालं?

आणि "अजून" म्हणजे कधीपर्यंत?